परदेशांतील शिक्षण आणि शेतमजुराचें मूल

खत, पाणी, बीं-बियाणें व बाजारभाव हे विषय बाजूस सारून शेतकऱ्यांच्या मासिकानें परदेशांतील विद्यापीठांची चर्चा कां करावी, असें कांहीं वाचकांच्या मनांत येईल. ज्याला आपल्या दोन एकर कोरडवाहू रानांत दुबार पेरणी करावी लागली त्यास सातासमुद्रांपलीकडील शाळांच्या गोष्टी सांगणें म्हणजे उपाशी माणसास पंगतीचें वर्णन ऐकविण्यासारखें आहे, असेंही कोणी म्हणेल. हा आक्षेप मीं पुष्कळदां ऐकला आहे. इतकेंच नव्हे, तर अगदीं अलीकडेपर्यंत तो मी स्वतःच घेत असें. माझें मत ज्या एका प्रसंगानें पालटलें तो प्रथम सांगतों, म्हणजे पुढील विवेचन कोणत्या अनुभवावरून केलें आहे हें वाचकांस कळेल.

आमच्या गांवच्या सहकारी सोसायटीच्या पंचमंडळांत मी बरींच वर्षें आहें. २०२५ सालच्या वैशाखांत एके सायंकाळीं एक मुलगी आपल्या बापास घेऊन सोसायटीच्या कचेरींत आली. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालगडी, आई रोजानें खुरपणीस व कापूस वेंचणीस जाणारी, घरची जमीन गुंठाभरही नाहीं. मुलगी मात्र कृषि महाविद्यालयांतून उत्तम गुणांनीं पदवी घेऊन बाहेर पडलेली. तिला जर्मनींतील एका सरकारी विद्यापीठांत मृदाशास्त्राच्या उच्च अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला होता, व त्याचें पत्र तिनें प्लास्टिकच्या पिशवींत जपून आणिलें होतें. "काका, तिथें फी नाहीं," असें ती म्हणाली, तेव्हां आम्हां पंचांस वाटलें कीं काम सोपें आहे. परंतु पुढचें वाक्य ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. फी नसली तरी एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम, म्हणजे ११,९०४ युरो, व्हिसा मिळण्यापूर्वीं एका बंद खात्यांत भरून दाखवावी लागते. रुपयांत ही रक्कम अकरा लाखांहून वर जात होती.

आमची सोसायटी पीककर्ज देते. विहीर, पाइपलाइन, ठिबक यांस कर्ज देते. आमच्या पोटनियमांप्रमाणें सभासद तोच ज्याच्या नांवें सातबारा. सालगड्याची मुलगी आमची सभासद नव्हती व होऊंही शकत नव्हती. पोटनियमांचें पुस्तक आम्हीं उघडलें आणि मिटलें. शेवटीं तिच्या मामानें आपली तीन एकर जमीन तारण देण्याची तयारी दाखविली, म्हणून मी त्या तिघांबरोबर तालुक्याच्या गांवीं एका बँकेंत गेलों. तेथील अधिकारी सभ्य होते. त्यांनीं चहा दिला व सांगितलें, "शेतजमीन चालणार नाहीं. शहरांत घर, बिनशेती प्लॉट, मुदत ठेव असें कांहीं असेल तर बोला." मामाच्या हातांतला सातबाऱ्याचा उतारा तसाच राहिला. मुदत टळली, प्रवेश गेला. ती मुलगी सध्यां तालुक्याच्या गांवीं एका खतांच्या दुकानांत हिशेब लिहिते. परवां मी युरिया आणावयास गेलों तेव्हां तिनेंच पावती केली, आणि मातीपरीक्षण न करतां इतका युरिया कां नेतां म्हणून मलाच विचारलें. माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

या कुटुंबानें तोंपर्यंत काय खर्च केला होता तें पाहण्यासारखें आहे. इंग्रजी भाषेच्या परीक्षेची फी सुमारें १७,००० रुपये. जर्मनीस जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांस २०२२ च्या अखेरीपासून आपल्या पदव्यांची तपासणी करवून घेऊन एक प्रमाणपत्र मिळवावें लागतें. त्याची फी १८,००० रुपये. हे झाले ३५,०००. आतां मजुरीकडे पाहूं. २०२४-२५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसास २९७ रुपये होता. त्या हिशेबानें ३५,००० रुपये म्हणजे ११८ दिवसांची मजुरी. आणि त्या कायद्यानें एका कुटुंबास वर्षांत हमी होती ती १०० दिवसांची. सबंध घराची वर्षाची हमीची मजुरी, तींतला एक पैसाही पोटास न लावतां, दिली तरी नुसता अर्ज करण्याचा खर्च निघत नाहीं. नोकरदाराच्या घरीं हीच रक्कम एका महिन्याच्या पगारांतून जाते व कोणाच्या ध्यानांतही राहत नाहीं. शिवाय इंग्रजी परीक्षेचा निकाल दोनच वर्षें ग्राह्य धरतात. त्या मुदतींत जाणें झालें नाहीं तर परीक्षा पुन्हां आणि फीही पुन्हां. तिच्या आईनें त्यासाठीं बचत गटाचें कर्ज काढलें होतें. तें अजून फिटत आहे.

मला या लेखांत सांगावयाचें आहे तें एवढेंच: गरिबाच्या मुलास परदेशीं शिकण्याची वाट अडते ती निवड झाल्यावर नव्हे, निवडीच्या आधीं, आणि आपली बहुतेक सर्व मदत, मग ती सरकारची असो वा संस्थांची, निवड झाल्यावर सुरू होते. शेतकऱ्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. बियाण्यास पैसा मृगापूर्वीं लागतो. कणसें भरल्यावर कोणी कर्ज देऊं केलें तर त्याचें करावयाचें काय?

बँकेनें सातबारा कां परत केला तेंही समजून घेतलें पाहिजे, नाहींतर आपण उगाच त्या अधिकाऱ्यास दोष देऊं. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास तारण मागण्याचा बँकांचा प्रघात आहे. २००२ सालच्या सरफेसी नांवाच्या कायद्यानें बँकेस न्यायालयांत न जातां तारण ठेवलेली मालमत्ता ताब्यांत घेतां येते. परंतु त्याच कायद्याच्या ३१ व्या कलमानें शेतजमीन त्यांतून वगळली आहे. ही तरतूद शेतकऱ्याची जमीन सहजासहजीं जाऊं नये म्हणून आहे, ती योग्य आहे, व तिला हात लावावा असें मी मुळींच म्हणणार नाहीं. पण तिचा एक परिणाम असा झाला आहे कीं, शहरांत दोन खोल्यांचें घर असणाऱ्याच्या मुलास जें कर्ज चार दिवसांत मिळतें तें दहा एकरांच्या धन्याच्या मुलास मिळत नाहीं. मग भूमिहीनाची गोष्ट बोलावयासच नको. जी ढाल शेतकऱ्याच्या रक्षणासाठीं केली तीच या एका कामीं त्याच्या वाटेंत आडवी येते. यावर उपाय ढाल मोडणें हा नव्हे; तारणावांचून पत देणारी दुसरी कोणी संस्था उभी करणें हा आहे.

तारणावांचून पत देणें हें कांहीं नवें नाहीं. १९१३ सालीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं भीमराव रामजी आंबेडकर या बावीस वर्षांच्या पदवीधरास अमेरिकेंत शिकण्यासाठीं तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंड देण्याचें ठरविलें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत त्यांचे वडील वारले होते. घरीं मिळकत म्हणावी अशी कांहीं नव्हती. करार झाला तो असा कीं, शिक्षण संपल्यावर दहा वर्षें बडोदें संस्थानची नोकरी करावी. म्हणजे तारण होतें तें माणसाच्या पुढील सेवेचें. जमिनीचें नव्हे, घराचें नव्हे. आणि पैसा मिळाला तो जाण्याच्या आधीं ठरवून, नियमानें, राहण्याखाण्याच्या खर्चासकट. त्या जुलैंत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले, १९१५ सालीं एम्. ए. झाले, आणि १९१६ सालीं लंडनला अर्थशास्त्राच्या अभ्यासास गेले.

या कथेचा पुढचा भाग आपण सहसा सांगत नाहीं, पण आपल्या विषयास तोच अधिक उपयोगी आहे. १९१७ सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपली व लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावें लागलें. करारास जागून ते बडोद्यास नोकरीस गेले. तेथें त्यांस राहावयास कोणी जागा देईना, म्हणून ती नोकरी सोडून यावें लागलें. मुंबईस सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसा जमविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं साहाय्य केलें, नवल भथेना या पारशी मित्रानें पांच हजार रुपये कर्जाऊ दिले, तेव्हां कोठें १९२० सालीं ते पुन्हां लंडन गांठूं शकले. १९२३ सालीं त्यांस डी. एस्सी. मिळाली. अशा बुद्धीच्या माणसाचीं तीन वर्षें केवळ पैशाची धार तुटल्यामुळें मध्यें गेलीं. ज्यांच्या मागें सयाजीराव, शाहू महाराज व भथेना नाहींत त्यांचीं किती वर्षें जात असतील याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

या शिक्षणाचा शेतकऱ्यास काय उपयोग झाला असें विचारणाऱ्यांसाठीं एक गोष्ट सांगतों. परत आल्यावर १९१८ सालीं इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांनीं प्रसिद्ध केलेला निबंध होता तो हिंदुस्थानांतील लहान धारणक्षेत्रें व त्यांवरील उपाय याविषयीं. त्यावेळीं सर्वत्र ओरड होती ती तुकडे जोडण्याची. डॉक्टरांचें म्हणणें असें पडलें कीं, जमिनीचा तुकडा पोटापुरता आहे कीं नाहीं हें नुसत्या एकरांवरून ठरत नाहीं. त्यावर भांडवल किती लागतें व हात किती राबतात यावरून ठरतें. शेतीवर जीं जादा माणसें नाइलाजानें बसलीं आहेत त्यांस उद्योगधंद्यांत काम मिळाल्याखेरीज नुसतें तुकडे एकत्र करून दुखणें बरें होणार नाहीं. पुढें १९४७ सालीं मुंबई प्रांतांत तुकडेबंदीचा कायदा झाला. आज त्या कायद्याचें काय झालें आहे व आपल्या शिवारांत बांध किती वाढले आहेत हें वाचक जाणतातच. कोंकणांतील खोती नष्ट करण्याचें बिल १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत त्यांनींच आणलें. बडोद्याच्या तिजोरींतून गेलेले ते साडेअकरा पौंड कोंकणच्या कुळापर्यंत या वाटेनें पोंचले.

"पण गेलेला मुलगा परत येत नाहीं," हा दुसरा आक्षेप. तो खोटा आहे असें मी म्हणणार नाहीं. पुष्कळ जण येत नाहींत. परंतु हा प्रश्न आपण फक्त गरिबाच्या मुलास विचारतों. पुण्यामुंबईच्या सुखवस्तु घरांतून दरवर्षीं मुलें जातात, त्यांच्या निरोपास हारतुरे घेऊन आपणच जातों, आणि परत कधीं येणार असें कोणी विचारीत नाहीं. शिवाय परत न येणाऱ्यांचीही गोष्ट एकेरी नसते. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे अमेरिकेंत कष्ट करून शेतकी शिकले. स्वातंत्र्याच्या चळवळींत पडल्यामुळें इंग्रज सरकार असेतोंपर्यंत त्यांस मायदेशीं येतां येईना. मग मेक्सिकोंतील चापिंगो येथील शेतकी विद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें, मक्याच्या सुधारित जातींवर काम केलें, व तेथील गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या त्या देशाच्या थोर चित्रकारानें त्यांस आपल्या भिंतीचित्रांत स्थान दिलें. स्वातंत्र्यानंतर ते इकडे आले व १९६७ सालीं नागपुरास वारले. विदर्भाच्या मातीचा माणूस मेक्सिकोच्या कुणब्यास उपयोगी पडला, तर तें ज्ञान वाया गेलें असें कोण म्हणेल? इतकें मात्र खरें कीं, सार्वजनिक पैशानें जो जातो त्यानें कांहीं वर्षें परत येऊन काम करावें अशी अट घालणें रास्त आहे. बडोद्यानें ती घातली होती. फक्त परत आलेल्यास राहावयास जागाही दिली पाहिजे.

आतां सरकारी योजनांकडे येऊं. अनुसूचित जातींच्या व इतर कांहीं दुर्बल वर्गांच्या मुलांसाठीं केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ति १९५४-५५ सालापासून चालू आहे. फी, निर्वाह, विमानभाडें, व्हिसा हा सर्व खर्च तींत येतो. ही मोठी गोष्ट आहे व तिच्याविषयीं कृतज्ञताच वाटली पाहिजे. महाराष्ट्र सरकारची राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची योजना २००३ पासून आहे; अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं तींत वर्षास ७५ जागा आहेत, आणि पुढें इतर समाजांसाठींही तशाच योजना निघाल्या. या योजनांवर जाऊन आलेले तरुण मीं पाहिले आहेत. त्यांच्या घराची एका पिढींत कायापालट झाली आहे.

परंतु केंद्राच्या योजनेचे आंकडे वाचतांना आम्हां शेतीवाल्यांचें बोट एका ओळीवर अडकतें. एकंदर जागा १२५. त्यांपैकीं ११५ अनुसूचित जातींस, ६ भटक्या व विमुक्त जमातींस, आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर या दोहोंस मिळून ४. साऱ्या हिंदुस्थानांत चार! २०११ च्या जनगणनेंत शेतमजुरांची संख्या १४ कोटी ४३ लाख भरली होती. शेतमजुरांत अनुसूचित जातींचे लोक पुष्कळ आहेत व ते पहिल्या ११५ मध्यें जाऊं शकतात हें मला ठाऊक आहे. त्या जागा कमी कराव्या असें कोणी सुचवूं नये. त्या वाढल्याच पाहिजेत. पण चार हा आंकडा पाहून असें वाटतें कीं, शेतमजुराचें नांव यादींत असावें म्हणून तें घातलें आहे, त्याचें मूल जावें म्हणून नव्हे. उत्पन्नाची मर्यादा सरसकट वर्षास ८ लाख. म्हणजे वर्षास लाखभर रुपयेही हातीं न येणाऱ्या सालगड्याची मुलगी आणि साडेसात लाख पगाराच्या घरची मुलगी एकाच रांगेंत. आणि ती परीक्षेची फी आठवा. रांगेपर्यंत कोण पोंचणार हें तेथेंच ठरून गेलें.

दुसरी गोष्ट वेळेची. २०२५ च्या जुलैंत या योजनेंत १०६ विद्यार्थ्यांची निवड झाली. परंतु प्रथम ४० जणांसच तात्पुरतीं मंजुरीपत्रें देण्यांत आलीं, व उरलेल्या ६६ जणांचीं पत्रें पैसा उपलब्ध होईल त्याप्रमाणें निघतील असें सांगण्यांत आलें. इंग्लंडांतील विद्यापीठांचें सत्र सप्टेंबरांत सुरू होतें. व्हिसा काढावयाचा, तेथील आरोग्यसेवेचा अधिभार म्हणून वर्षास ७७६ पौंड आधींच भरावयाचे, जागा राखण्यासाठीं अनामत द्यावयाची, हें सर्व जुलै-ऑगस्टांत. ज्यांस घरून पैसे मिळतात ते मंजुरीची वाट पाहत असतांनाच अनामत भरून मोकळे होतात. ज्यांस मिळत नाहींत त्यांची जागा जाते, आणि मग मंजुरी येते. बैल गेला नि झोंपा केला, ही म्हण आपल्याच धंद्यांतून निघालेली आहे.

तिसरी गोष्ट शेतकी शिकूं इच्छिणाऱ्यांस विशेष नडणारी आहे. केंद्राच्या योजनेस विद्यापीठ जगाच्या क्रमवारींत पहिल्या पांचशेंत असावें लागतें. राज्याच्या योजनेंत ही मर्यादा दोनशेंपर्यंत आणण्यांत आली. ही क्रमवारी सर्व विषयांची मिळून असते. जें विद्यापीठ माती, कुरणें किंवा फळबागा यांपुरतेंच प्रसिद्ध आहे तें तींत मागें पडतें किंवा येतच नाहीं. जेथें खानखोज्यांनीं मक्यावर काम केलें तें चापिंगो पहिल्या पांचशेंत नाहीं. नेदर्लंडांतील वागेनिंगनसारखें एखादें शेतकी विद्यापीठ पुढें असतें, पण तेथील फी व खर्च ऐकून आपल्यापैकीं मोठा बागाईतदारही मान हलवील. आमच्या गांवच्या त्या मुलीचें विद्यापीठ मृदाशास्त्रांत नांवाजलेलें असूनही पहिल्या पांचशेंत बसत नव्हतें, म्हणून त्या चार जागांचें दार तिला ठोठावतांही आलें नाहीं. जेथें फी नाहीं तेथें शिष्यवृत्ति नाहीं, आणि जेथें शिष्यवृत्ति आहे तेथें फी सरकारच्या पंचवीस-तीस लाखांनीं भागवावयाची! त्याच पैशांत बिनफीच्या देशांत दोन मुलें शिकून आलीं असतीं. शेतीच्या अभ्यासास शेतीविषयाची स्वतंत्र क्रमवारी लावावी, एवढा साधा बदल सरकारनें केला तरी पुष्कळ होईल. याच ओघांत आणखी एक सांगून टाकतों. २०२२ सालच्या केंद्राच्या नियमांत हिंदी संस्कृति, इतिहास व हिंदुस्थानसंबंधींचा समाजाभ्यास या विषयांस ही शिष्यवृत्ति मिळूं नये असें घालण्यांत आलें. १९१६ सालीं जातिसंस्थेवर कोलंबियांत निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्यास या नियमाखालीं काय मिळालें असतें, याचा विचार नियम करणाऱ्यांनीं करावा.

सरकारास सांगावयाचें तें सांगितलें. पण सरकार बदलेपर्यंत आपण हात जोडून बसावें असें मला वाटत नाहीं, कारण निवडीपूर्वींचा जो खर्च आहे तो मोठा नाहीं. तो आपल्या आंवाक्यांतला आहे. एका मुलामागें परीक्षा, प्रमाणपत्र, अर्ज व मुंबईपुण्याच्या दोन खेपा धरून पन्नास हजार रुपये पुरेत. दहा मुलांचे पांच लाख. आमच्या सोसायटीच्या नव्या गोदामापुढील कमानीस याहून अधिक खर्च आला, आणि त्या कमानींतून भरलेला ट्रक जात नाहीं म्हणून आतां मागच्या दारानें माल उतरवितों. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यांत निव्वळ नफ्याचा कांहीं भाग, योग्य मंजुरी घेऊन, सार्वजनिक कार्याकडे लावण्याची सोय आहे. तालुक्यांतील दहाबारा सोसायट्या, एखादा साखर कारखाना व दूधसंघ यांनीं मिळून असा फिरता निधि उभारावा. मुलगा वा मुलगी सभासदाची असावी अशी अट त्यास नसावी. सालगड्याच्या मुलीसच तो आधीं मिळावा. शिष्यवृत्ति मिळाली कीं रक्कम परत, न मिळाली तर माफ. दहांतले चार गेले तरी निधीचा हेतु साधला असें मी समजेन. आपण पीककर्जांतही याहून अधिक बुडीत धरतों.

बंद खात्याच्या अकरा लाखांचा प्रश्न मोठा आहे. तो एका तालुक्यास पेलणार नाहीं, जिल्हा बँकेचें तें काम आहे. पण त्यांतही जोखीम दिसते तितकी नसते. ही रक्कम कोठें उधळली जात नाहीं. ती दरमहा ९९२ युरो याप्रमाणें विद्यार्थ्याच्याच हातीं निर्वाहास येते, आणि जर्मनींत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास वर्षांत १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे. सालगड्याची मुलगी काम करण्यास लाजेल अशी भीति निदान आपण तरी बाळगूं नये. बडोद्याप्रमाणें सेवेचा करार लिहून घेऊन बँकेनें हें कर्ज द्यावें, व राज्य सरकारनें त्याची हमी घ्यावी, अशी मागणी जिल्हा बँकेच्या सभेंत आपल्या प्रतिनिधींनीं केली पाहिजे. सूत गिरण्यांस व कारखान्यांस सरकारनें ज्या हमी दिल्या त्यांचे आंकडे आपणां सर्वांस पाठ आहेत.

माहितीचाही दुष्काळ आहे. युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडुस म्हणून शिष्यवृत्ति आहे. तींत महिन्यास १,४०० युरो मिळतात, जमीन, जामीन किंवा उत्पन्नाचा दाखला लागत नाहीं, आणि शेतीशास्त्राचे अभ्यासक्रमही तींत असतात. जर्मन सरकारच्या पैशानें चालणाऱ्या डाड या संस्थेच्या शिष्यवृत्त्यांतही शेतीचे विषय आहेत. पदवीनंतर दोन वर्षें काम केलेल्यांस त्यांतल्या कांहींस अर्ज करतां येतो. हें आमच्या भागांतील किती मुलांस ठाऊक आहे? कृषि महाविद्यालयाच्या फळ्यावर स्पर्धापरीक्षांच्या शिकवण्यांच्या जाहिराती असतात, ह्या नसतात. मला स्वतःलाही हीं नांवें त्या खतांच्या दुकानांतल्या मुलीनेंच लिहून दिलीं. ती पुन्हां अर्ज करणार आहे. दिवसा दुकान, रात्रीं अभ्यास, असा तिचा क्रम चालला आहे.

आमच्या सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेंत वर सांगितलेल्या निधीचा ठराव मी मांडणार आहें. पंचमंडळांत त्यास विरोध आहे, व तो होईल तेवढा होवो. इतर गांवच्या सोसायट्यांनीं आपापल्या सभेंत तसा ठराव घेतल्यास त्याची नक्कल या मासिकाच्या कचेरीकडे धाडावी. ज्यांच्या गांवांत पदवीपर्यंत पोंचलेलें शेतमजुराचें किंवा कोरडवाहू शेतकऱ्याचें हुशार मूल असेल त्यांनीं त्याचें नांव, विषय व गुण दसऱ्यापूर्वीं कळवावे. युरोपांतील पुष्कळ अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांत घेतले जातात, आणि त्यापूर्वीं इंग्रजीची परीक्षा झालेली असावी लागते.